बोरघाटातली उधारी

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या ऐन मध्यावर मॉर्मन पंथाचं मोठं मंदिर आहे. त्याच्या आवारात एक उंच दगडी खांब आहे, खांबावर दगडी गोळा आणि गोळ्यावर सोन्याचा मुलामा दिलेले दोन पक्षी. ते कुठल्या देवाचं वाहन वगैरे नाहीत. साधे समुद्रपक्षी आहेत, थंडीत आपल्या खाडीवर बोटींमागे शेव-गाठ्यांसाठी घिरट्या घालतात त्या जातकुळीतले. 1848 साली तिथे नव्यानेच वसलेल्या मॉर्मन शेतकऱ्यांच्या उभ्या पिकावर नाकतोड्यांसारख्या किड्यांची धाड पडली. मग या पक्ष्यांचे थवे आले, त्यांनी किड्यांचा फडशा पाडला आणि पीक वाचलं, अशी श्रद्धा आहे. पुढे 1913 मध्ये पंथाने पक्ष्यांचे रीतसर आभार मानले आणि हा खांब उभा केला. शिल्पकार महोनरी यंग, म्हणजे पंथाचा नेता ब्रिगहॅम यंग याचा नातू.

उपकार 1848 चा आणि पोच 1913 ची, म्हणजे पासष्ट वर्षं उधारी थकली. पक्ष्यांनी तगादा लावला नाही हा त्यांचा चांगुलपणा. पण आमच्या कर्जत-खालापुराच्या मानाने ही थकबाकी काहीच नाही. इथे याहून जुनी खाती उघडी आहेत.

हे सगळं डोक्यात आलं ते माझ्या भाच्यामुळे. तो तिकडे नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी फोन करतो आणि आज कोणतं स्मारक पाहिलं याची वर्दी देतो. मॉर्मन लोकांना स्मारकांची हौस दांडगी. 24 जुलै 1847 रोजी ब्रिगहॅम यंग डोंगर ओलांडून त्या खोऱ्याच्या तोंडाशी आला, तेव्हा तो आजारी होता आणि गाडीत आडवा होता. त्याने मान वर करून खोरं पाहिलं आणि हीच ती जागा, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. बरोबर शंभर वर्षांनी, 1947 च्या 24 जुलैला, त्या वाक्याचं भलंमोठं स्मारक झालं. तेही महोनरी यंगनेच केलं. घरचंच काम. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथे कोणी वाटेत थांबून पाणी प्यायलं असेल तरी पाटी सापडते.

"मामा," तो म्हणाला, "आपल्या कर्जतला असं काहीच कसं नाही हो?"

हा प्रश्न कर्जतच्या माणसाला विचारू नये. कर्जत म्हणजे बटाटेवडा, कर्जत म्हणजे चुकलेली शेवटची लोकल, कर्जत म्हणजे कोणाचं तरी फार्महाऊस, एवढीच आमची ख्याती मुंबईकरांत आहे. घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून ढकलणारी इंजिनं इथे जोडतात, तेवढ्या वेळात खाली उतरून खायचं गाव. त्याच्यापुढे काही असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. मी भाच्याला म्हटलं, तुझ्या त्या पाट्या राहू देत, मी तुला आमची उधारखाती सांगतो.

खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागलं की शिंगरोबाचं देऊळ लागतं. ट्रक जरा मंदावतो, क्लीनर खिडकीतून हात बाहेर काढून नाणं टाकतो, कपाळाला हात लावतो आणि ट्रक पुन्हा कण्हत पुढे निघतो. गोष्ट घाटातल्या प्रत्येकाला पाठ आहे. इंग्रजांना डोंगरातून वाट सापडेना. दुर्बिणी आणि नकाशे घेऊन साहेब कड्यांकडे बघत बसलेले. शिंगरोबा नावाचा धनगर तिथे जनावरं चारायचा. त्याने सांगितलं, माझी जनावरं चढतात तिथून चढा. वाट मिळाली. साहेब खूश झाला, काय बक्षीस हवं ते माग म्हणाला. धनगराने मागितलं, आमचा देश आम्हाला परत द्या. साहेबाने त्याला गोळी घातली.

शंकेखोर माणूस विचारील की बोरघाट तर सातवाहनांच्या काळापासून वाहता होता. घाटमाथ्यावर कार्ले-भाजे आणि पायथ्याशी कोंढाणे, ही लेणी काय वाट सापडत नव्हती म्हणून कोरली? शंका रास्त आहे. शिवाय इंग्रजांनी घाट एकदा नाही, टप्प्याटप्प्याने बांधला. नोव्हेंबर 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याने चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला केला, आणि रेल्वे चढली ती 1863 मध्ये. यातली कोणती वाट शिंगरोबाने दाखवली, याचा निवाडा ज्याला करायचा त्याने करावा. मला त्या गोष्टीतला हिशेब महत्त्वाचा वाटतो. काम झालं, मजुरी राहिली. पुढे येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर ती मजुरी थोडी थोडी चुकती करतो. खालापूरच्या टोलनाक्यावर पैसे भरले की निदान पावती मिळते. इथे पावती नाही, पण न देता जायची छाती कोणाची होत नाही.

मजुरीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. रेल्वेचा घाट बांधायला सात वर्षं लागली. 1861 च्या जानेवारीत एका वेळी बेचाळीस हजार माणसं या डोंगरावर कामाला होती. कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची, आणि खाली छावणीत पटकी. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार 1859 मध्ये आला आणि काही आठवड्यांतच मेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही, माणसं नेमून काम तडीला नेलं. तिचं नाव रेल्वेच्या इतिहासात आहे. बेचाळीस हजारांपैकी कोणाचंही देऊळ नाही. तेव्हा मला कधीकधी वाटतं, शिंगरोबाकडे पडणारी नाणी एकट्या शिंगरोबाची नसावीत. सगळ्यांच्या वतीने एकाने खातं उघडलं आहे.

आता भाच्याला गप्प करणारा पुरावा. 1852 च्या सप्टेंबरात ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबई बंदरात उतरला. त्या पंथाला तेव्हा उणीपुरी बावीस वर्षं झाली होती. जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात पंथ स्थापला तो एप्रिल 1830 मध्ये. म्हणजे मॉर्मन पंथ आणि माल्कमचा घाटरस्ता एकाच सालचे, हवं तर पत्रिका मांडून बघा. फिंडलेची वेळ मात्र काही बरी नव्हती. तो इथे पाय ठेवण्याच्या थोडंच आधी, त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या अखेरीस, तिकडे सॉल्ट लेकमध्ये पंथाने एकाहून अधिक बायका करण्याची आपली चाल जाहीरपणे सांगून टाकली होती. ही बातमी बोटीने मुंबईला पोचायला काही महिने लागले. पोचल्यावर मात्र श्रोत्यांना मुक्ती, पुनरुत्थान वगैरे विषयांत गोडी उरली नसावी. वृत्तपत्रांनी झोडपलं, फिंडलेने पुस्तिका छापून उत्तरं दिली. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रवचनाला बंदी केली. तरीही गडी खमक्या. 1853 मध्ये त्याने पुण्यात पंथाची शाखा काढली. 1855 मध्ये तर 'टू द मराठाज ऑफ हिंदुस्तान' अशा नावाची, खास आपल्याला उद्देशून पुस्तिका काढली. आपल्यापैकी कोणी ती मनावर घेतल्याचं दिसत नाही.

तर प्रश्न असा की 1853 साली मुंबईहून पुण्याला जायचं कसं? आगगाडी त्या वर्षी नुकती ठाण्यापर्यंत पोचलेली. पनवेलपर्यंत मचव्याने, मग चौक, खालापूर, खोपोली आणि घाट, हा नेहमीचा धोपटमार्ग. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर 1825 मध्ये याच वाटेने पुण्याला गेले. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे. घाट चढण्यापूर्वी सगळे तिथे टेकत. त्या तळ्याने पेशव्यांची फौज पाहिली, इंग्रजांची पाहिली, बिशप पाहिले. मॉर्मन साहेबही पाहिला असणार. नानांनी पाणी पाजताना पंथ विचारायची अट घातली नव्हती. एवढा हिशेबी माणूस, पण या एका कामाचं बिल त्याने कोणाच्या नावावर टाकलं नाही.

आणखी एक मौजेचा भाग. त्या काळचे मॉर्मन प्रचारक पैशाची थैली न बाळगता निघत. ज्या गावी जाऊ तिथले भाविक जेवू घालतील, हा त्यांचा नियम. येशूने शिष्यांना तसंच पाठवलं होतं ना! आपल्याकडे माधुकरी मागत फिरणारे पुष्कळ, त्यामुळे तत्त्व नवीन नव्हतं. पण बोरघाटात पालखी उचलणाऱ्या भोयांसमोर ते किती टिकलं असेल, याचं चित्र अधूनमधून माझ्या डोळ्यांपुढे येतं. घाटाच्या पायथ्याशी उभा असलेला घामाघूम स्कॉटिश माणूस, त्याची परमेश्वरावर पूर्ण श्रद्धा, आणि भोयांची रोख पैशांवर.

1856 पर्यंत ही मोहीम आटोपली. हाती लागले ते थोडे गोरे शिपाई, थोडी अँग्लो-इंडियन कुटुंबं. खालापुरात फिंडलेची पाटी नाही. असती तरी तिच्यावर एव्हाना बंगल्यांच्या प्लॉटची जाहिरात चिकटली असती.

पण याच मोहिमेशी जोडलेली एक बाई आहे, आणि तिच्या वाटेवर स्मारकं आहेत. एलिझाबेथ झेवियर टेट ही मुंबईत जन्मलेली. नवरा विल्यम फौजेत होता. दोघेही या पंथात गेले. नवरा आधी युटाला पोचला, ती मागून निघाली, इंग्लंडवरून बोटीने अमेरिकेला. ज्यांना बैलगाडी परवडत नव्हती अशा लोकांसाठी पंथाने युक्ती काढली होती. सामान हातगाडीवर लादायचं आणि ती ओढत हजाराहून अधिक मैल चालायचं. 1856 साली जेम्स विली याच्या तांड्यात ती सामील झाली. सुमारे पाचशे माणसं. निघायला उशीर झाला, ऑक्टोबरात वायोमिंगच्या उघड्या माळावर बर्फाने गाठलं, पीठ संपलं. साठाहून अधिक माणसं वाटेत गेली. मदतीला आलेल्या गाड्यांनी उरलेल्यांना नोव्हेंबरात सॉल्ट लेकला पोचवलं. एलिझाबेथ वाचली, पुढे सीडर सिटी या गावात तिने संसार केला. मुंबईच्या घामट हवेत वाढलेली बाई वायोमिंगच्या बर्फात हातगाडी ओढत होती, हे वाचल्यापासून मॉर्मन लोकांच्या पाट्यांची थट्टा करताना माझी जीभ थोडी अडखळते.

भाच्याला हे ठाऊक नव्हतं. "मामा, तुम्हाला कर्जतमध्ये बसून हे कसं कळलं?"

"कर्जतला गाडी थांबते," मी म्हटलं, "आणि थांबली की माणसं बोलतात."

मग मी त्याला बोंबल्या विठोबाकडे नेलं, म्हणजे फोनवरून. खोपोलीजवळ साजगाव-ताकईला हे विठोबाचं देऊळ आहे. आमच्याकडची माणसं त्याला धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिकी एकादशीपासून पंधरवडाभर जत्रा भरते. आणि विठोबाच्या या जत्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो. माळकरी तोंड फिरवून पुढे जातात, बाकीचे आगोट येईपर्यंत पुरेल असा साठा बांधून घेतात. पंढरपूरच्या बडव्यांना हे दृश्य दाखवू नये.

तिथली कथा तुकोबांची आहे. तुकोबा मिरचीच्या गोण्या बैलावर लादून कोकणात विकायला उतरत, हे महिपतींच्या चरित्रग्रंथातही आहे. तुकोबांचा व्यापार कसा असणार ते आपण जाणतोच. घ्या लागेल तेवढी, मापही तुम्हीच घाला, पैसे सावकाश द्या. कोकणातल्या लोकांनी सावकाश या शब्दाचा मान राखला. मिरच्या संपल्या, पैसे कोणी देईना. तेव्हा म्हणे खुद्द विठोबा तुकोबांचा माणूस बनून गावात आला, दारोदार बोंब मारून त्याने वसुली केली. आमच्या भागातले लोक सांगतात, ते गाव हेच.

मला हा विठोबा फार आवडतो. पंढरपूरचा कमरेवर हात ठेवून शांत उभा आहे, अठ्ठावीस युगं म्हणतात. साजगावच्याला एवढी सवड नाही. भक्त भोळा असेल तर देवाला ओरडावं लागतं, आणि गावातली माणसं लबाड असतील तर चारचौघांत ओरडावं लागतं, एवढं व्यवहारज्ञान त्याला आहे. गमतीचा भाग असा की ज्या गावकऱ्यांनी पैसे बुडवले त्यांच्याच वंशजांनी देऊळ सांभाळलं आणि जत्रा वाढवली. आपल्या पूर्वजांची लबाडी एवढ्या थाटामाटाने दरवर्षी साजरी करणारं दुसरं गाव मला माहीत नाही. मॉर्मनांनी पक्ष्यांचं स्मारक केलं, ते पीक वाचलं म्हणून. साजगावने स्वतःच्या बुडीत खात्याचं केलं. यात मोठं मन कोणाचं, हे मी भाच्यावर सोपवलं. तो म्हणाला, "मामा, पण मिरचीचे पैसे शेवटी मिळाले ना?" मिळाले. देव वसुलीला आल्यावर कोण नाही देणार?

कोंढाण्याचं खातं मात्र उलटं आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कोंदिवड्याहून जंगलातून चढत गेलं की ही बौद्ध लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसात वरून धबधबा कोसळतो आणि चैत्यगृह पाण्याच्या पडद्याआड जातं. पुढचे खांब पडले, कमानी फुटल्या, तरी दगडात कोरलेलं लाकूडकाम अजून थक्क करतं. दर्शनी भागाच्या एका बाजूला एका मोठ्या मूर्तीचं मस्तक आहे. चेहरा पार गेला आहे. शेजारी ब्राह्मी लिपीत एक छोटासा लेख आहे, त्याचा मथितार्थ असा: कन्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

बस, एवढंच. राजाचं नाव नाही, दानाची रक्कम नाही, मिती नाही. बाकीच्या लेण्यांत जागोजागी देणगीदारांच्या याद्या असतात, अमक्या व्यापाऱ्याने खांब दिला, तमक्या बाईने टाकं दिलं. इथे ज्याने काम केलं त्याने आपलं नाव घातलं, आणि त्याच्याही आधी गुरूचं. मूर्तीचा चेहरा टिकला नाही, नाव टिकलं. त्याच्या आसपास हल्लीच्या भाविकांनी खडू, कोळसा आणि किल्ल्या वापरून बदामात बाण घुसवलेली नावं लिहिली आहेत. बलकाचं पाहूनच त्यांना हुरूप आला असावा. फरक एवढाच की बलकाने आधी लेणं कोरलं होतं.

कर्जत तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला खांडस आहे. तिथून भीमाशंकरला दोन वाटा चढतात, गणेश घाट आणि शिडी घाट. कोकणातला भाविक पूर्वी याच वाटांनी ज्योतिर्लिंगाला जायचा, आता बहुतेक पाठीवर सॅक टाकलेले ट्रेकर दिसतात. वर पोचलं की देवळासमोर मोठी घंटा आहे. तिच्यावर 1729 साल आहे, आणि ती चर्चची आहे. चिमाजी अप्पांनी 1739 च्या मे महिन्यात वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या आवडत्या देवांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे. घंटा ओतणाऱ्याने ती चर्चसाठी ओतली, वाजते ती शंकरासाठी. पोर्तुगीजांनी त्याआधी पाडलेल्या देवळांचा हिशेब काढला तर खातं बरोबरीत सुटतं की नाही, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. मी त्यात पडत नाही. घंटेचा आवाज मात्र चांगला आहे, धुक्यात फार लांबवर ऐकू येतो.

महडच्या वरदविनायकाबद्दल मी भाच्याला फारसं सांगितलं नाही. अष्टविनायकाच्या बसमधून तो लहानपणी जाऊन आलेला आहे, आणि त्याला तिथला उसाचा रस तेवढा आठवतो. महड तसं सगळ्यांच्याच माहितीचं. पण त्या देवळात 1892 पासून अखंड तेवत असलेला नंदादीप आहे. मूर्ती तळ्यात सापडली, देऊळ रामजी महादेव बिवलकरांनी 1725 मध्ये बांधलं, हे सगळे सांगतात. मला कौतुक वाटतं ते त्या तेलाचं. सव्वाशेहून अधिक वर्षं रोज कोणीतरी आठवणीने तेल घातलं आहे. दोन महायुद्धं झाली, रेशनिंग आलं, तेलाचे भाव गगनाला भिडले, पण कोणी उद्या बघू म्हटलं नाही.

तेलावरून आठवलं. आमच्याच जिल्ह्यात, पण खाली समुद्राच्या बाजूला, बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर खुणा आहेत. प्रेषित एलिया इथे प्रकटला आणि त्याचा रथ इथूनच स्वर्गात गेला, त्या घोड्यांच्या टापा आणि चाकांच्या खुणा त्या, असं ते मानतात. नवसाला तिथे जातात. ज्यांनी इस्राएलला घरं केली तेही इकडे आले की वाट वाकडी करून जातात. कुठला तो बायबलमधला प्रेषित आणि कुठलं अलिबाग! पण देवादिकांना कोकण आवडतं, यात मला काही नवल वाटत नाही. परशुरामाने तर समुद्र हटवून जागा काढली.

सगळ्यात शेवटी मी राखून ठेवला होता ढाकचा बहिरी. कर्जत तालुक्यातल्या सांडशीतून ढाकचा कडा दिसतो, शेजारी कळकराईचा सुळका. कड्याच्या पोटात एक गुहा आहे. तिथवर जायला शेवटी उभा कातळ आहे. खोबण्या, दोर, कुठे लाकडाचा आधार, आणि खाली दरी. गुहेत शेंदूर फासलेला बहिरी. आसपासच्या ठाकरांचं आणि गावकऱ्यांचं हे दैवत. गाभारा नाही, पुजारी नाही, दानपेटी नाही. काय आहे तर पाण्याचं टाकं आहे, आणि स्वयंपाकाची भांडी आहेत. टोप, पातेली, परात. देवाच्या मालकीची.

ही भांडी कोणीही वापरावी. नवस फेडायला आलेला गावकरी वापरतो, रात्री मुक्कामाला आलेला मुंबईचा पोरगाही वापरतो. भात शिजवावा, जेवावं, भांडी घासून जागच्या जागी ठेवावी. एकच अट, नेऊ नयेत. जो नेतो त्याला कडा उतरता येत नाही, असं खालची माणसं अगदी सहज सांगतात, धमकीच्या सुरात नव्हे. हातात परात घेऊन तो कातळ उतरायचा विचार केला तर बहिरीला मुद्दाम काही करावं लागेल असं मला वाटत नाही. पण तत्त्व बघा. देव भांडी उसनी देतो. तारण घेत नाही, नाव लिहून घेत नाही. फक्त परत येताना स्वच्छ हवीत. संगमरवर बसवलेली, गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरशा लावलेली, दारात देणगीदारांच्या काळ्या पाट्या ठोकलेली कितीतरी देवळं मी पाहिली आहेत. घासलेल्या पातेल्यांची एवढी प्रतिष्ठा कुठे पाहिली नाही.

भाचा म्हणाला, पुढच्या सुट्टीत येतो, आपण ढाकला जाऊ. त्याच्याबरोबर त्याचा एक मित्रही येणार आहे, जन्माने मॉर्मन. त्याच्या खापरपणजोबाचं नाव म्हणे तिकडच्या कुठल्याशा पाटीवर आहे. चहा-कॉफी तो घेत नाही, त्यांच्यात चालत नाही. मी म्हटलं, हरकत नाही, कोकम सरबत करू. माझे गुडघे आता त्या कातळाला राजी नाहीत, तेव्हा मी सांडशीतच बसेन. बाकी सूचना देऊन ठेवल्या आहेत, आणि त्या तुम्हालाही लागू आहेत. पावसाळ्यात जाऊ नका, कातळ निसरडा असतो. पाणी भरपूर घ्या. वर जेवलात तर भांडी राखेने घासा, साबण टाक्याच्या पाण्यात सोडू नका. सांडशीतला वाटाड्या घेतल्याशिवाय चढू नका. आणि खाली उतरल्यावर त्याचे पैसे तिथल्या तिथे, रोख द्या.